रक्तपिपासूची प्रणयकथा आणि तिचे मुखपृष्ठ : वाचकमतांचा एक विचार

लोकप्रिय साहित्याविषयी लिहिताना समीक्षक सामान्यतः दोन गोष्टी गृहीत धरतो. एक, या साहित्याचा वाचक चिकित्सा करीत नाही. जे समोर येईल ते तो स्वीकारतो. दुसरी, या साहित्याचे मुखपृष्ठ हे केवळ विक्रीचे साधन असल्यामुळे त्याचा साहित्यविचाराशी संबंध नाही. इंग्लंड-अमेरिकेत गेल्या काही दशकांत विपुल लिहिल्या गेलेल्या रक्तपिपासू नायकाच्या प्रणयकादंबऱ्या आणि त्यांच्या मुखपृष्ठांविषयी वाचकांनी, विशेषतः स्त्री-वाचकांनी, व्यक्त केलेली मते पाहिली असता ही दोन्ही गृहीते तपासून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या मतांचे स्वरूप, त्यांमागील कारणे आणि वाङ्मयाभ्यासाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व यांचा विचार करावयाचा आहे.

१. संज्ञा आणि परंपरा

इंग्रजीतील 'व्हॅम्पायर' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. पिशाच, वेताळ, रक्तपिपासू यांपैकी कोणताही शब्द घेतला तरी अर्थाचा काही भाग बाहेर राहतो. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' या नावाने प्रसिद्ध केले, तेव्हा हीच अडचण उलट दिशेने उद्भवली. वेताळपंचविशीतला वेताळ प्रेतात वास करतो हे खरे. परंतु तो राजाचे रक्त पीत नाही, त्याला कोडी घालतो व त्याच्या न्यायबुद्धीची परीक्षा पाहतो. कोकण-गोव्यात तर वेताळ हा गावाचा रक्षणकर्ता देव आहे. युरोपीय व्हॅम्पायर हा मेलेला असून न मेलेला, जिवंतांच्या रक्तावर जगणारा आणि चावा घेऊन दुसऱ्याला आपल्यासारखे करणारा आहे. हा तिसरा गुणधर्म प्रणयकथेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. कारण त्यामुळे प्रेम, मृत्यू आणि अमरत्व या तिन्ही गोष्टी एकाच कृतीत एकत्र येतात. प्रस्तुत लेखात 'रक्तपिपासू' हा शब्द या मर्यादित अर्थाने वापरला आहे.

हा रक्तपिपासू इंग्रजी कथावाङ्मयात आला तो उमराव म्हणून. जॉन पॉलिडोरी यांची 'द व्हॅम्पायर' ही कथा १८१९ साली लॉर्ड बायरन यांच्या नावावर चुकीने छापली गेली. तिच्यातील लॉर्ड रुथव्हेन देखणा, थंड आणि स्त्रियांचा नाश करणारा आहे. १८४५ ते १८४७ या काळात स्वस्त पुस्तिकांच्या रूपाने आलेल्या 'व्हार्नी'मध्ये रक्तपिपासूच्या मनातील पश्चात्ताप प्रथमच विस्ताराने दिसतो. शेरिडन ल फानू यांची 'कार्मिला' (१८७१-७२) स्त्री-रक्तपिपासूची आणि आकर्षणाची कथा आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला'ने (१८९७) या साऱ्या धाग्यांना स्थिर रूप दिले. परंतु यांपैकी कोणतीही कृती आजच्या अर्थाने प्रणयकादंबरी नव्हे. प्रणयकादंबरीत नायक-नायिकेचे मीलन हा कथेचा शेवट असावा लागतो. 'ड्रॅक्युला'त रक्तपिपासूचा वध हा शेवट आहे.

वळण आले ते अ‍ॅन राइस यांच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' (१९७६) या कादंबरीने. तिच्यात रक्तपिपासू स्वतःची कथा स्वतः सांगतो. निवेदनाचा अधिकार त्याच्याकडे गेल्याबरोबर तो भयाचा विषय न राहता सहानुभूतीचा विषय झाला. चेल्सी क्विन यार्ब्रो यांच्या 'हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया'ने (१९७८) सुसंस्कृत, स्त्रीचा मान राखणारा रक्तपिपासू पुढे आणला. १९९१ साली एल. जे. स्मिथ यांची 'द व्हॅम्पायर डायरीज' ही मालिका सुरू झाली. १९९३ साली मॅगी शेन यांची 'ट्वायलाइट फँटसीज' प्रणयकादंबऱ्यांच्या मालिकेतच प्रसिद्ध झाली. शार्लेन हॅरिस यांची 'डेड अंटिल डार्क' (२००१) आणि स्टेफनी मेयर यांची 'ट्वायलाइट' (२००५) यांच्यानंतर हा प्रकार पुस्तकांच्या दुकानात स्वतंत्र फळी व्यापू लागला.

२. मुखपृष्ठांची चार रूपे

या दीर्घ प्रवासात मुखपृष्ठ चार रूपांतून गेलेले दिसते. पहिले रूप चित्रविरहित होते. 'ड्रॅक्युला'च्या पहिल्या आवृत्तीला पिवळे कापडी आवरण आणि त्यावर लाल अक्षरे एवढेच होते. १९०१ च्या स्वस्त आवृत्तीवर मात्र किल्ल्याच्या भिंतीवरून खाली सरपटणारा काउंट दिसू लागला. स्वस्त आवृत्तीचा वाचक पुस्तक विकत घेण्यापूर्वी चित्र पाहतो, ही जाणीव येथे स्पष्ट होते.

दुसरे रूप १९६० नंतरच्या अमेरिकन 'गॉथिक' प्रणयकादंबऱ्यांचे. रात्र, दूरवर काळोखा वाडा, त्याच्या एकाच खिडकीत दिवा आणि पुढे घाबरून पळणारी, मागे वळून पाहणारी तरुणी, हे चित्र इतक्या वेळा छापले गेले की ते या प्रकाराची खूणच ठरले. 'डार्क शॅडोज' (१९६६-७१) या दूरचित्रवाणी मालिकेवर मॅरिलिन रॉस या टोपणनावाने लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांचा प्रारंभ याच चित्रपरंपरेत झाला. पुढे बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू लोकप्रिय झाल्यावर वाडा मागे पडला आणि ती भूमिका करणाऱ्या जोनाथन फ्रिड यांचे छायाचित्र मुखपृष्ठावर आले. भयस्थानाकडून व्यक्तीकडे झालेला हा बदल म्हणजे कथाप्रकारात होत असलेल्या बदलाची चित्रमय नोंदच म्हणावी लागेल.

तिसरे रूप आलिंगनाचे. १९७२ साली कॅथलीन वुडिविस यांच्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'नंतर ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्यांची जी लाट आली तिच्याबरोबर विस्कटलेली वस्त्रे, मागे झुकलेली नायिका आणि उघड्या छातीचा नायक हे रंगचित्र रूढ झाले. रक्तपिपासूच्या प्रणयकथेने ते उचलले, केवळ रंग बदलले : सोनेरी-गुलाबीऐवजी काळा, गर्द निळा आणि लाल. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चित्राची जागा छायाचित्राने घेतली आणि नायकाचे मस्तकही चौकटीबाहेर गेले. उरले केवळ पिळदार, गोंदवलेले धड.

चौथे रूप वस्तूचे. 'ट्वायलाइट'च्या काळ्या मुखपृष्ठावर गोऱ्या, फिकट हातांच्या ओंजळीत एक लाल सफरचंद आहे. ना नायक, ना नायिका, ना रक्त. पुढील भागांवर फूल, फीत आणि बुद्धिबळाची सोंगटी आली. या चौथ्या रूपाने या क्षेत्रातील चित्रभाषाच पालटून टाकली.

३. वाचकांच्या आक्षेपांचे स्वरूप

या मुखपृष्ठांविषयी वाचक जे बोलतात त्याची वर्गवारी केली असता तीन प्रकारचे आक्षेप पुन्हा पुन्हा आढळतात.

पहिला आक्षेप विसंगतीचा. नायिकेचे केस कादंबरीत काळे असताना चित्रात सोनेरी का, ती धिप्पाड म्हणून वर्णिलेली असताना चित्रात नाजूक का, ज्या प्रसंगाचे चित्र आहे तो कथेत आहे कोठे, असे प्रश्न वाचक विचारतात. वरकरणी हे आक्षेप क्षुल्लक वाटतात. परंतु ते घेणाऱ्या वाचकाने संहिता बारकाईने वाचलेली आहे व चित्राला तो संहितेचे एक वाचन मानतो, हे त्यांतून सिद्ध होते. चित्रकाराने कादंबरी वाचलेली नाही हा त्यातील मूळ आरोप आहे. या विसंगतीला गंभीर सामाजिक बाजूही आहे. २००९ साली जस्टिन लार्बलेस्टियर यांच्या 'लायर' या कादंबरीच्या अमेरिकन आवृत्तीवर कृष्णवर्णीय नायिकेऐवजी गौरवर्णीय मुलीचे छायाचित्र घातले गेले, तेव्हा लेखिका व वाचक यांच्या आक्षेपामुळे प्रकाशकाला मुखपृष्ठ बदलावे लागले. ही कादंबरी रक्तपिपासूंची नव्हे. परंतु केसांच्या रंगापासून सुरू होणारा आक्षेप कोठवर जाऊ शकतो हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

दुसरा आक्षेप संकोचाचा. पुस्तक आवडते, पण ते आगगाडीत किंवा कचेरीत उघडता येत नाही, अशी ही तक्रार आहे. प्रकाशकांना ती ठाऊक होती असे दिसते. वर केवळ नाव व एखादे फूल आणि ते पान उलटल्यावर आत आलिंगनाचे पूर्ण रंगचित्र, अशी दुहेरी मुखपृष्ठे याच कारणाने रूढ झाली. पुढे वाचनयंत्रावर पुस्तके वाचली जाऊ लागल्यावर मुखपृष्ठ इतरांच्या दृष्टीआड गेले. येथे संकोच पुस्तकातील मजकुराचा आहे की तो वाचणाऱ्या स्त्रीकडे पाहणाऱ्या नजरेचा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. रहस्यकथेच्या मुखपृष्ठावरील प्रेत व पिस्तूल यांचा पुरुष-वाचकाला असा संकोच वाटत नाही. तेव्हा तक्रार चित्राविषयी असली तरी तिचे मूळ स्त्रियांच्या वाचनाला समाज जी प्रतिष्ठा नाकारतो त्यात आहे.

तिसरा आक्षेप सारखेपणाचा. सर्व मुखपृष्ठे एकसारखी असल्यामुळे आपण हे पुस्तक वाचले आहे की नाही हेच कळत नाही, असे वाचक म्हणतात. मात्र याच सारखेपणाचा त्यांना उपयोगही होतो. काळी पार्श्वभूमी आणि त्यावर एकच लाल वस्तू दिसताच आत काय असणार याचा अंदाज बांधता येतो. जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी वाचकाच्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची जी कल्पना मांडली, तिचा पहिला आधार लोकप्रिय साहित्यात मुखपृष्ठ हाच असतो. फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९८७ साली मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना यांना संहितेचे उंबरठे म्हटले आहे. उंबरठ्याला दोन बाजू असतात, हे या आक्षेपाच्या दुटप्पीपणात स्पष्ट दिसते : वाचकाला ओळखही हवी असते आणि वेगळेपणही.

४. सफरचंदाचा अर्थ

'ट्वायलाइट'च्या मुखपृष्ठाविषयीची चर्चा या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. कादंबरीच्या प्रारंभी बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातील निषिद्ध फळाविषयीचे वचन उद्धृत केलेले आहे; सफरचंद त्याच्याशी जोडलेले असून ते निवडीचे प्रतीक आहे, असे लेखिकेने स्पष्ट केले आहे. वाचकांनी हे स्पष्टीकरण स्वीकारले, पण ते तेथे थांबले नाहीत. ओंजळ कोणाची, ती फळ देते आहे की घेते आहे, हात फिकट आहेत म्हणजे ते रक्तपिपासूचे का, असे प्रश्न त्यांनी उपस्थित केले. चित्रात या प्रश्नांची उत्तरे नाहीत आणि म्हणूनच चित्र यशस्वी आहे. आलिंगनचित्र सर्व काही सांगून टाकते. वस्तुचित्र वाचकाला अर्थ लावण्याचे काम देते.

दुसऱ्या भागावरील फुलाची गोष्ट याहून बोलकी आहे. 'न्यू मून'च्या मुखपृष्ठावर पांढऱ्या-लाल पाकळ्यांचे ट्यूलिप आहे. त्या निवडीशी आपला संबंध नव्हता व त्याचा काही विशेष अर्थ आपल्याला ठाऊक नाही, असे मेयर यांनी सांगितले आहे. तरीही गळून पडणारी पाकळी म्हणजे रक्ताचा थेंब, किंवा नायिकेचे ओसरणारे तारुण्य, असे अर्थ वाचक लावीत राहिले. लेखकाचा हेतू नसताना लावलेला अर्थ ग्राह्य मानावा काय, हा समीक्षेतील जुना प्रश्न. कादंबरीत नायिकेला आपल्या वय वाढण्याची भीती वाटते हे लक्षात घेता वाचकांनी लावलेला दुसरा अर्थ संहितेशी पूर्णपणे सुसंगत आहे. अर्थाचे प्रामाण्य येथे लेखिकेच्या हेतूवरून ठरलेले नाही, ते संहितेवरून ठरलेले आहे.

या चित्रभाषेचे अनुकरणही झाले. २००९ च्या सुमारास हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने एमिली ब्राँटी यांच्या 'वुदरिंग हाइट्स'ची आवृत्ती काळ्या मुखपृष्ठावर फूल घालून काढली आणि 'ट्वायलाइट'च्या नायक-नायिकेचे हे आवडते पुस्तक असल्याचा उल्लेख तिच्यावर केला. अनेक तरुण वाचक या मार्गाने ब्राँटींपर्यंत पोहोचले. मात्र ज्यांनी 'इक्लिप्स' (२००७) नीट वाचली होती त्यांना त्या उल्लेखातील चूक कळण्यासारखी होती : पुस्तक नायिकेच्या आवडीचे आहे, नायक प्रारंभी त्यातील पात्रांविषयी नापसंतीच व्यक्त करतो. मुखपृष्ठ काय म्हणते आणि संहिता काय म्हणते यांतील अंतर ओळखणारा हा वाचक भाबडा म्हणता येणार नाही. अभिजात कृतीला लोकप्रिय कृतीचे वस्त्र चढवणे योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात. पण व्हिक्टोरियन कादंबरी आणि आजची प्रणयकथा यांतील नाते त्या वस्त्राने दृश्य केले, हे नाकारता येत नाही.

५. नायकाविषयीचे मतभेद

मुखपृष्ठाविषयीची मते अखेर नायकाविषयीच्या मतांशी येऊन मिळतात. या प्रकाराच्या वाचकांत नायकाविषयी एकवाक्यता नाही. एका गटाला सूर्यप्रकाशात चमकणारा, माणसाचे रक्त न पिणारा एडवर्ड हा रक्तपिपासूच वाटत नाही. भय काढून घेतले की आकर्षणही उरत नाही, अशी त्यांची भूमिका. दुसऱ्या गटाला त्याचा संयम हाच आकर्षणाचा गाभा वाटतो. जो सहज मारू शकतो तो स्वतःला आवरतो, यात त्यांना प्रेमाची कसोटी दिसते. तिसऱ्या गटाचा आक्षेप अधिक मूलगामी आहे. नायिकेच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहणारा, तिने कोठे जावे हे ठरवणारा पुरुष प्रियकर म्हणून का रंगवावा, असे तो विचारतो. अमरत्व आणि सौंदर्य यांच्या आवरणाखाली नियंत्रणाला प्रेमाचे नाव दिले जात आहे, हा त्याचा निष्कर्ष.

जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या अभ्यासात अमेरिकेतील एका गावच्या प्रणयकादंबरी-वाचक स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून असे दाखवले होते की, या स्त्रियांच्या दृष्टीने वाचन ही घरकामातून स्वतःसाठी काढलेली वेळ असते. त्या चांगली आणि वाईट कादंबरी यांत स्पष्ट भेद करीत. बलात्कार किंवा दुःखान्त असलेली कथा त्यांना नको असे. त्याच वेळी रॅडवे यांनी हेही नोंदवले की, अशा वाचनातून मिळणारे समाधान वास्तवातील असमाधान सुसह्य करते, बदलत नाही. मिली विल्यमसन यांनी 'द लुअर ऑफ द व्हॅम्पायर' (२००५) मध्ये रक्तपिपासूच्या चाहत्या स्त्रियांचा अभ्यास केला असता त्यांची सहानुभूती या पात्राच्या परकेपणाकडे, समाजात न सामावण्याच्या दुःखाकडे वळलेली आढळली. म्हणजे वाचक स्त्री नेहमी नायिकेच्याच जागी उभी असते असे नाही. ती रक्तपिपासूच्या जागीही उभी राहते. आलिंगनचित्र या वाचक स्त्रीला अपुरे का वाटते याचे एक कारण येथे सापडते. ते चित्र तिला केवळ बाहूंत झुकलेल्या नायिकेची जागा देते.

शार्लेन हॅरिस यांच्या कादंबऱ्यांच्या मूळ अमेरिकन आवृत्त्यांवर लिसा देसिमिनी यांची लोकचित्रशैलीतील, किंचित मिश्कील चित्रे होती. २००८ साली 'ट्रू ब्लड' ही दूरचित्रवाणी मालिका आल्यावर नटनट्यांची छायाचित्रे असलेल्या आवृत्त्याही निघाल्या. जुन्या वाचकांना पहिली चित्रे प्रिय वाटतात, कारण कादंबरीतील खेड्याचा सूर व निवेदिकेचा विनोद त्यांत उतरला आहे. छायाचित्रे मात्र प्रत्येक पात्राला एक ठरीव चेहरा देऊन टाकतात. याच मालिकेचा शेवटचा भाग २०१३ साली आला तेव्हा नायिकेने रक्तपिपासूंपैकी कोणाचीही निवड केली नाही, म्हणून अनेक वाचक संतापले. प्रणयकथेचा करार मोडला, ही त्यांची तक्रार होती; नायिकेने आपले सामान्य मानवी आयुष्य निवडले, हेच योग्य झाले, असे इतरांचे म्हणणे. दोन्ही पक्षांनी आपले म्हणणे आधीच्या भागांतील पुराव्याने मांडले. हीही समीक्षाच होय.

६. मराठी अभ्यासकासाठी

मराठीत रक्तपिपासू आला तो मुख्यतः भयकथेच्या वाटेने. नारायण धारप यांची 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट'वर (१९७५) आधारलेली असून तिच्यात तो ग्रामसमाजावरचे संकट म्हणून येतो, प्रियकर म्हणून नव्हे. त्यामुळे इंग्रजी प्रणयकथेच्या वाचकमतांचे निष्कर्ष मराठीला सरसकट लावता येणार नाहीत. पण अभ्यासाची पद्धत मात्र घेता येण्याजोगी आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांवरील स्त्रीप्रतिमांचा चित्रकलेच्या अंगाने विचार होतो. त्या प्रतिमा पाहून पुस्तक वा अंक हाती घेणाऱ्या वाचकांना आतील कथा त्यांच्याशी जुळणारी वाटली काय, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. त्यात एक व्यावहारिक अडचणही आहे. आपल्या सार्वजनिक वाचनालयांत लोकप्रिय कादंबरी पुनर्बांधणीसाठी गेली की तिचे मूळ मुखपृष्ठ बहुधा नाहीसे होते आणि तिला जाड पुठ्ठा व कापडी कणा मिळतो. संहिता टिकते, उंबरठा जातो. ज्या ग्रंथालयांत मूळ मुखपृष्ठे अद्याप शाबूत आहेत तेथे ती जपणे आणि जुन्या वाचकांच्या आठवणी वेळीच नोंदवणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येईल असे काम आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, रक्तपिपासूच्या प्रणयकथेचा वाचक मुखपृष्ठाला फसत नाही. तो त्याच्याशी वाद घालतो. विसंगतीचा आक्षेप घेताना तो संहितेची बाजू घेतो, संकोच व्यक्त करताना समाजाच्या नजरेवर बोट ठेवतो, सारखेपणाविषयी बोलताना प्रकाराचे संकेत उलगडतो, आणि नायकाविषयी भांडताना प्रेम व सत्ता यांच्या संबंधाविषयी आपली भूमिका ठरवतो. ही मते शास्त्रीय परिभाषेत मांडलेली नसतात, कित्येकदा परस्परविरोधीही असतात. म्हणून ती समीक्षेचा पर्याय ठरत नाहीत. पण समीक्षेचा पुरावा निश्चितच ठरतात. तसेच वाचक चिकित्सक आहे एवढ्याने हे साहित्य निर्दोष ठरत नाही, हेही लक्षात ठेवावयास हवे. नियंत्रण करणाऱ्या नायकाविषयीचा आक्षेप सर्वांत नेमकेपणाने मांडला आहे तो ज्या वाचक स्त्रियांनी या कादंबऱ्या आवडीने वाचल्या त्यांनीच. लोकप्रिय साहित्याचा अभ्यास वाचकाला वगळून केला, तर अभ्यासकाच्या हाती केवळ त्याचे स्वतःचे पूर्वग्रह उरतील.